ढोल आणि माइक : खान्देशातील तालवाद्यांच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास

खान्देशचा लिखित इतिहास बऱ्याच तपशिलाने उपलब्ध आहे. त्याचा श्राव्य इतिहास मात्र तुटपुंजा आहे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या बाराव्या खंडात तेव्हाच्या खान्देश जिल्ह्याची शेती, बाजार, जातीजमाती आणि चालीरीती नोंदल्या गेल्या. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होऊन जळगाव व धुळे ही त्यांची ठाणी ठरली. पुढच्याच वर्षी जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खान्देशीचे, म्हणजे अहिराणीचे, नमुने व्याकरणासह छापले गेले. आणि १९२७ पासून धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे जतन होऊ लागली. अक्षरांच्या बाबतीत इतकी जागरूकता असलेल्या या प्रदेशातील ढोल, डफ आणि थाळी यांचा नाद मात्र फार उशिरा, आणि तोही अर्धवट, यंत्रात उतरला. या उणिवेला संशोधकांची अनास्था काही अंशी जबाबदार असली, तरी तिचे मोठे कारण साधनांत आहे. तालवाद्य हे ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने सर्वांत अवघड वाद्य असून ते नीट टिपणारी साधने दीर्घकाळ महाग होती, आणि जी स्वस्त होती ती वेगळ्याच कामासाठी घडवलेली होती. त्यामुळे खान्देशी तालाचा मुद्रित आवाज कसा असावा हे वादकांच्या हातापेक्षा बाजारात परवडणाऱ्या मायक्रोफोनने अधिक ठरवले.

भारतीय शास्त्रपरंपरेत वाद्यांचे चार वर्ग मानले जातात: तारांची तत, फुंकून वाजणारी सुषिर, चामड्याने मढवलेली अवनद्ध आणि धातू वा लाकूड यांच्या घनपदार्थातून नाद देणारी घन. खान्देशात यांपैकी शेवटच्या दोन वर्गांचा पसारा मोठा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल आणि शिरपूर तालुक्यांत होळीपूर्वीच्या आठवड्यात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारांत पावरा समाजाचे भलेमोठे ढोल वाजतात; श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या देवीची स्थापना होते आणि दुसऱ्या दिवशी तिची मिरवणूक वाजतगाजत विसर्जनाला जाते; वहीगायनासारख्या लोकगायनाच्या प्रकारात डफाची साथ असते. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात कोकणा समाजाचे थाळगान चालते, ज्यात धातूच्या थाळीवर मेणाच्या गोळ्यात एक काडी उभी रोवलेली असते आणि गायक तिच्यावरून बोटे वरून खाली ओढत एक अखंड, किंचित कापरा स्वर उत्पन्न करतो. या स्वराच्या आधारावर तासन्‌तास कथा गायली जाते. मोठा ढोल आणि ही थाळी ही दोन टोके मानली, तर एकाचा आघात यंत्राला सोसत नाही आणि दुसरीचा नाद यंत्रापर्यंत पोहोचत नाही, असा पेच मुद्रकापुढे उभा राहतो.

या पेचाचे भौतिक स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. गाणारा आवाज हळूहळू चढतो आणि उतरतो. याउलट कातड्यावर टिपरू पडताच काही सहस्रांश सेकंदांत ध्वनीचा दाब कमाल मर्यादेला जातो आणि लगेच ओसरू लागतो. या क्षणिक उसळीत वाद्याची ओळख दडलेली असते, कारण टिपरू लाकडाचे आहे की बांबूचे, कातडे ताणलेले आहे की सैल, हे कान त्या पहिल्या आघातावरूनच ओळखतो. शिवाय मोठ्या ढोलाचा घुमारा सेकंदाला शंभराहून कमी कंपनांच्या पट्ट्यात असतो, तर झांजेचा किंवा थाळीचा झणत्कार दहा हजार कंपनांच्याही वर जातो. जवळून ऐकल्यास ड्रमच्या फटक्याचा दाब १२० डेसिबलपलीकडे जाऊ शकतो, जो साध्या बोलण्याच्या पातळीच्या, म्हणजे सुमारे ६० डेसिबलच्या, तुलनेत दाबाच्या मोजमापाने हजारपट आहे.

फ्रेड गायसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वापरातच नव्हता. गायिका एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे, कर्ण्याच्या निमुळत्या टोकाचा पडदा हाले आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर चर कोरत असे. या पद्धतीत साधारणपणे अडीचशे ते अडीच हजार कंपनांचा मधला पट्टाच नीट उमटत असल्याने तबल्याचा डग्गा जवळजवळ ऐकूच येत नसे, आणि मोठा ड्रम जवळ आणला तर सुई चरातून उडण्याचा धोका असे. म्हणूनच अमेरिकेतील सुरुवातीच्या जॅझ ध्वनिमुद्रणांतही वादकांना पुष्कळदा मोठा ड्रम बाजूला ठेवून लाकडी ठोकळे आणि झांजांवर भागवावे लागले. सुमारे तीन मिनिटांची तबकडी, महानगरात बसलेला मुद्रक आणि खालचे नाद गिळणारे यंत्र, या तिहेरी चाळणीतून सातपुड्याचा ढोल पार होणे शक्यच नव्हते.

१९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण व्यापारी वापरात आले आणि कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली. मायक्रोफोन म्हणजे हवेतील दाबाचे रूपांतर विजेच्या प्रवाहात करणारे साधन होय, आणि हे रूपांतर कसे होते यावर त्याचा स्वभाव व त्याची किंमत अवलंबून असते. बेल प्रयोगशाळेशी निगडित एडवर्ड वेंट यांनी १९१६ मध्ये विकसित केलेल्या कंडेन्सर प्रकारात एक अतिशय पातळ पडदा धातूच्या पट्टीसमोर ताणलेला असतो आणि त्या दोहोंतील अंतर बदलले की विद्युतधारिता बदलते. हा प्रकार सूक्ष्म नादही टिपतो, परंतु त्याला स्वतंत्र वीजपुरवठा लागतो आणि तो जपून हाताळावा लागतो. १९३१ मध्ये वेंट आणि थुरास यांच्या कामातून व्यवहारात आलेल्या डायनॅमिक प्रकारात पडद्याला चिकटवलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात हलते. त्याला बाहेरची वीज लागत नाही, तो धूळ आणि धक्के सोसतो आणि मोठ्या आघाताने सहसा फाटत नाही. हलणारी गुंडाळी जड असल्यामुळे अतिसूक्ष्म आणि अतिउच्च नाद त्यातून काहीसे निसटतात. स्वस्त आणि महाग, ढोलाजोगा आणि थाळीजोगा, असा जो भेद पुढे शंभर वर्षे टिकला त्याचे मूळ या दोन रचनांत आहे.

खान्देशात मायक्रोफोन घरोघरच्या ओळखीचा झाला तो लाउडस्पीकरच्या धंद्यातून. सभा, कीर्तन, तमाशा, लग्नाचा मंडप आणि गणेशोत्सव यांसाठी भाड्याने कर्णे, ज्याला सर्रास मशीन म्हणतात ते अँप्लिफायर आणि एक-दोन माइक पुरवणारा माणूस तालुक्याच्या प्रत्येक गावी उभा राहिला, आणि १९४० मध्ये सुरू झालेल्या आहुजा या भारतीय कंपनीची साधने देशभरच्या या व्यवसायात इतकी रुळली की अनेक ठिकाणी ते नाव धंद्याचीच खूण बनले. या कामाच्या गरजा स्टुडिओहून भिन्न होत्या. माइकने समोरच्या माणसाचा आवाज घ्यावा आणि मागच्या कर्ण्याचा घेऊ नये, अन्यथा कर्ण्यातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून कानठळ्या बसवणारी शिटी वाजते. एकाच दिशेचे ऐकणारा, म्हणजे ज्याच्या ग्रहणाचा नकाशा हृदयाच्या आकाराचा असतो असा, एकाच घटकावर चालणारा डायनॅमिक मायक्रोफोन अमेरिकेतील शुअर कंपनीने १९३९ मध्ये बाजारात आणला, तो या अडचणीवरचा टिकाऊ तोडगा ठरला. त्याच घराण्यातून १९६५ मध्ये एस.एम. ५७ आणि पुढच्या वर्षी एस.एम. ५८ हे माइक आले, आणि त्यांच्या धर्तीवरची स्वस्त साधने जगभर बनू लागली.

भाषणासाठी बनवलेल्या माइकमध्ये शब्द स्पष्ट कळावेत म्हणून तीन ते पाच हजार कंपनांच्या आसपासचा भाग थोडा उठावदार केलेला असतो आणि तोंडाजवळ धरल्यावर घुमू नये म्हणून खालचा भाग कमी केलेला असतो. असा माइक ढोलापुढे ठेवला की फटक्याचा वरचा कडकपणा येतो आणि पोटातला घुमारा जातो. ढोल वाजताना छाती हादरते आणि मुद्रणात मात्र पत्र्याचा डबा बडवल्यासारखे ऐकू येते, याचे साधे कारण हे आहे. परंतु हाच माइक स्नेअरसाठी, म्हणजे ज्याच्या खालच्या पानाला तारांची पट्टी लावून खरखरीत कडकडाट साधलेला असतो त्या लहान ड्रमसाठी, उत्तम ठरतो. एस.एम. ५७ जगातल्या असंख्य स्टुडिओंत स्नेअरसमोर उभा राहिला तो याच गुणामुळे. अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास विकला गेलेला हा माइक तेथे किफायतशीर मानला जातो. आयातकर आणि रुपयाचे मोल धरता जळगाव-धुळ्याच्या गावपातळीवरील कलावंताला तो दीर्घकाळ चैनीचाच होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

ड्रमसेटचा खान्देशातील प्रवेश बँडच्या वाटेने समजून घ्यावा लागतो. युरोपीय लष्करी पथकांत मोठा बास ड्रम, खांद्याला अडकवलेला साइड ड्रम आणि झांजांची जोडी ही तीन माणसांची कामे होती, आणि वरातीपुढे चालणाऱ्या भारतीय बँडने ती विभागणी आजपर्यंत बरीचशी जपली आहे. अमेरिकेत लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये पायाने वाजणारी बास ड्रमची कळ यशस्वीपणे बाजारात आणल्यावर हीच तीन कामे एका बसलेल्या वादकाकडे आली आणि ड्रमसेट सिद्ध झाला. मुंबईतील जॅझ वाद्यवृंदांतून तो हिंदी चित्रपटसंगीतात पोहोचला. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुर्जोर लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी तेथील तालविभाग समृद्ध केला. खान्देशातल्या बँडवाल्यांना हीच गाणी वाजवायची असल्याने ड्रमसेट, काँगो आणि पुढे कॅसिओसारखे कीबोर्ड त्यांच्या ताफ्यात आले आणि ढकलगाडीवरच्या कर्ण्यांशी जोडले गेले. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आलेल्या प्लॅस्टिकच्या पानांनी आणखी एक फरक घडवला. चामडे पावसाळ्यात सैल पडते व उन्हात ताठते, वादकाला ते शेकून सुरात आणावे लागते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणाऱ्या जळगाव-भुसावळच्या उन्हात प्लॅस्टिकच्या पानाचा स्थिरपणा बँडवाल्यांना सोयीचा होता, पण त्याचा नाद अधिक कोरडा आणि अधिक टोकदार असतो.

१९७६ मध्ये जळगावला आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि प्रदेशातील लोकगायकांना प्रथमच आपल्याच भागात, बंदिस्त खोलीत, चांगल्या मायक्रोफोनसमोर बसण्याची संधी मिळाली. या केंद्राचे मोल मोठे आहे. तथापि मध्यम लहरींवरील प्रसारणात दोन केंद्रांमधील अंतर ९ किलोहर्ट्झ ठेवलेले असल्यामुळे प्रत्यक्ष ऐकू येणारा पट्टा साडेचार हजार कंपनांच्या आसपास संपतो. झांजेची चमक आणि थाळीचा वरचा झणत्कार त्यापलीकडे राहतो, आणि खालचा घुमारा तर श्रोत्याच्या छोट्या ट्रान्झिस्टरला पेलतच नाही.

खरा पालट कॅसेटने केला. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतात सत्तरच्या दशकाअखेरीपासून पसरली, गुलशनकुमार यांच्या सुपर कॅसेट्स कंपनीने ऐंशीच्या दशकात तिला स्वस्त केले, आणि एका मोठ्या कंपनीच्या हाती असलेला ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय प्रादेशिक बोलींसाठी मोकळा झाला, ज्याचा सविस्तर अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळतो. कॅसेट रेकॉर्डरच्या पोटात बसवलेला इवलासा माइक इलेक्ट्रेट प्रकारचा असे. बेल प्रयोगशाळेत गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये शोधलेल्या या प्रकारात पडद्याजवळच्या पदार्थात विद्युतभार कायमचा साठवलेला असल्याने कंडेन्सरची संवेदनशीलता अत्यल्प खर्चात मिळते. लग्नातली गाणी, जात्यावरच्या ओव्या, भारुडे असे पुष्कळ काही या यंत्रांनी घरोघर टिपले. परंतु त्यांत आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी एक मंडलरचना असे, जी मोठा आवाज येताच सगळ्याच आवाजाला दाबते आणि मग हळूहळू सोडते. ओवी टिपताना ही सोय उपकारक ठरते, ढोल टिपताना घातक: प्रत्येक ठोक्यासरशी गायकाचा स्वर बुडतो, दोन ठोक्यांच्या मधे गर्दीचा गोंगाट वर येतो आणि ताल जणू धापा टाकू लागतो. त्या काळातील घरगुती मुद्रणे आज ऐकणाऱ्या अभ्यासकाने हा दोष यंत्राचा समजावा, वादकाच्या माथी मारू नये.

यानंतरचे वळण सर्वांत दूरगामी होते. रोलँड कंपनीचा ऑक्टापॅड १९८५ मध्ये आला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत आठ रबरी चौकोनांवर टिपरू मारले की आधीच साठवलेले ड्रमचे, ढोलकीचे वा अन्य आवाज एका तारेवाटे थेट अँप्लिफायरला जातात आणि माइकची, शिटीची वा आवाज घुमणाऱ्या खोलीची काळजीच उरत नाही. पूर्ण ड्रमसेट टिपायला सहा-आठ माइक, तितकेच स्टँड, तितक्याच वाहिन्यांचा मिक्सर आणि शांत खोली लागते. एवढा खर्च जिल्ह्याच्या गावातील छोट्या स्टुडिओला झेपणारा नव्हता. नव्वदच्या दशकानंतर संगणकावर तयार नमुने जुळवून ताल रचणे सोपे झाले आणि बाजाराने तो मार्ग स्वीकारला. गेल्या काही वर्षांत विनोद कुमावत, सचिन कुमावत यांच्यासारख्या कलावंतांची अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा ऐकली गेली, बोलीला नवी प्रतिष्ठा लाभली, आणि ही घटना खान्देशच्या सांस्कृतिक इतिहासात मोठी आहे. या प्रकारच्या गाण्यांतला ताल मात्र पुष्कळदा संगणकाच्या नमुन्यांवर उभा असतो, जे नमुने दुसऱ्याच देशातील वाद्यांचे असू शकतात. गणेश देवी यांच्या बडोद्याच्या भाषा संस्थेने विविध बोलींतून काढलेल्या नियतकालिकाचे नाव ‘ढोल’ असे होते आणि त्याच्या अहिराणी आवृत्तीचे संपादन सुधीर देवरे यांनी केले. बोलीच्या चळवळीने जे वाद्य आपले नाव म्हणून मिरवले, तेच बोलीच्या गाण्यांतून मागे पडत गेले, ही विसंगती दुःखद आहे.

तथापि ज्या अडचणीमुळे ढोल मागे पडला ती अडचण आता उरलेली नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चीनमधील मोठ्या उत्पादनामुळे डायनॅमिक माइक वीस-पंचवीस डॉलरपर्यंत उतरले, पातळ दांड्यासारख्या लहान कंडेन्सर माइकच्या जोड्या मध्यमवर्गीय आवाक्यात आल्या, आणि संगणकाला जोडायची दोन माइकची पेटी सर्वत्र मिळू लागली. फोकसराइट कंपनीची २०११ मध्ये आलेली स्कार्लेट टू आय टू ही तिचे गाजलेले उदाहरण. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज, जी माइकच्या तारेतूनच पुरवली जाते, ती या पेटीतून मिळते. दोनच वाहिन्या म्हणजे दोनच माइक, ही मर्यादा वाटते तितकी जाचक नाही. लंडनचे ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांनी साठच्या दशकाअखेरीस संपूर्ण ड्रमसेट तीन-चार माइकमध्ये टिपण्याची रीत रूढ केली. एक माइक सेटच्या वर, दुसरा वादकाच्या उजव्या बाजूला, दोन्ही स्नेअरपासून तंतोतंत सारख्या अंतरावर, आणि एक बास ड्रमपुढे; यांतली पहिली जोडी दोन वाहिन्यांच्या पेटीतही मावते. सारख्या अंतराचा आग्रह यासाठी की ध्वनी एका सहस्रांश सेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एक माइक तितका लांब राहिला तर दोन्ही आवाज मिसळताना ५०० कंपनांच्या आसपासचे तरंग एकमेकांना खोडतात आणि ड्रम पोकळ ऐकू येतो. हे टाळायला महाग यंत्र लागत नाही, एक दोरी पुरते.

खान्देशी वाद्यांसाठी माइक निवडताना हीच तत्त्वे थोडी बदलून लागू होतात. ढोलाला दोन तोंडे असल्याने एकच माइक लावला तर दुसरी बाजू बोलत नाही. साधे डायनॅमिक माइक दोन्ही तोंडांपासून वीतभर अंतरावर, कातड्याच्या मध्याकडे नेमके न रोखता किंचित तिरपे ठेवावेत, कारण एकदिशी माइक वाद्याच्या जवळ गेला की खालचे नाद आपोआप फुगतात आणि भाषणाच्या माइकमधून गळलेला घुमारा काही प्रमाणात परत मिळतो. भोंगऱ्या बाजारात मोकळ्या मैदानात ढोल वाजत असता पंधरा-वीस पावलांवर लावलेली कंडेन्सरची जोडी अधिक विश्वसनीय चित्र देते, मात्र फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्यासाठी त्यावर केसाळ आवरण हवेच. थाळगानाला डायनॅमिक माइक पुरत नाही. तेथे लहान कंडेन्सर थाळीपासून हातभर अंतरावर, काडीपेक्षा किंचित खाली असावा, म्हणजे बोटांचे घर्षण आणि धातूचा नाद दोन्ही येतात. दुसरा माइक गायकाला द्यावा. आणि मोबाइलने टिपायचेच असेल, तर आवाजाची पातळी हाताने ठरवता येईल असे अॅप वापरावे, अन्यथा कॅसेटच्या काळातला स्वयंचलित दोष जसाच्या तसा परततो.

या सर्व साधनांची एकत्रित किंमत आज एखाद्या मध्यम मोबाइल फोनहून फारशी अधिक नाही. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, १९९० मध्ये जळगावला स्थापन झालेले आणि आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ, तालुक्यांची महाविद्यालये आणि अहिराणीचे जाणते अभ्यासक यांनी येत्या भोंगऱ्यापासूनच ढोल, डफ आणि थाळी यांची असंस्कारित मुद्रणे करण्यास प्रारंभ करावा; प्रत्येक मुद्रणासोबत वादकाचे नाव त्याच्या संमतीने, गाव, तारीख, वाद्याचे माप, कातडे कोणते, माइक कोणता आणि तो किती अंतरावर होता, याची नोंद ठेवावी; आणि मूळ प्रत गाण्यासाठी कापाकाप न करता स्वतंत्र जपावी.